वाघमारे मॅडमचं नाक

पुण्यातल्या कुठल्याही नाल्याचं पाणी बाटलीत भरा आणि वाघमारे मॅडमच्या नाकाखाली धरा. त्या डोळे मिटतील, एकदाच हुंगतील आणि नाल्याचं नाव सांगतील. नाल्याचं नाव काय, कुणीही सांगेल म्हणा. मॅडम पुलाचं नाव सांगतात. पुलाच्या अलीकडचं की पलीकडचं, तेही सांगतात. एकदा तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, "हे मंगळवारचं पाणी आहे. वरच्या अंगाला कुणाकडे तरी लग्न होतं. जिलेबीचा पाक आलाय यात." आम्ही चौकशी केली. लग्न होतं. जिलेबी होती. पाक जरा कच्चा राहिला होता असंही मी ऐकलं, पण ते मॅडमनी सांगितलं की वधूच्या मामांनी, हे आता नीट आठवत नाही.

मी बागवान. एका कॉलेजातल्या पर्यावरण सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे काचेची भांडी धुणे, ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे डॉक्टरेट मिळवलेल्या प्रेशर कुकरमध्ये, उकडून काढणे आणि मुलांनी काय काय फोडलं याची खबर ठेवणे. आमच्या अब्बांचा मंडईत फळांचा गाळा होता. लहानपणी माझ्या डोळ्यांवर फडकं बांधून अब्बा आंबा नाकाशी धरायचे आणि मी हापूस, पायरी, रायवळ सांगायचो. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. त्यामुळे नाकाच्या बाबतीत मी कुणाला मानत नसे. वाघमारे मॅडम आमच्या कॉलेजात आल्या आणि मी मान खाली घातली. नाकासकट.

बाई उंचीला बेताची. आवाज मात्र असा, की शेजारच्या इमारतीतल्या भौतिकशास्त्राच्या लॅबमधले लोलक जागच्या जागी थांबायचे. विद्यार्थ्यांना त्या 'अरे-अगं' म्हणत, प्राचार्यांना 'साहेब' म्हणत आणि जंतूंना 'अहो-जाहो' करत. "हळू, हळू. रात्रभर वाढलेत ते. धक्का लागू देऊ नका त्यांना." किंवा, "हे लोक रविवारी सुट्टी घेत नाहीत. तू कोण लागून गेलास?" हे लोक म्हणजे जंतू. आम्ही लोक म्हणजे कुणीच नाही.

आणि त्यांचा ठरलेला शब्द, "पुरावा?" कशालाही. कँटीनवाला म्हणाला, "मॅडम, चहा गरम आहे," तर "पुरावा?" आणि खिशातून तापमापक काढून कपात. त्या कँटीनमधून आजपर्यंत तीन चहावाले सोडून गेले. चौथा टिकलाय, कारण तो कप आणतानाच आकडा सांगतो.

आमच्या लॅबमध्ये दर उन्हाळ्यात आठ विद्यार्थ्यांना दोन महिने संशोधन करायला मिळतं. त्या आठांतल्या एकालाच पुढे वर्षभराचा प्रकल्प. त्यासाठी एप्रिलमध्ये अशी झुंबड उडते, की मी एकदा खिडकीतून येणाऱ्या मुलाला सायन्सऐवजी सर्कशीत जायचा सल्ला दिला होता. मुलं गुणपत्रिका, शिफारसपत्रं, गुळगुळीत फायली घेऊन येतात. मॅडम फाईल उघडतही नाहीत. एक निर्जंतुक केलेली रिकामी बाटली हातात देतात. "जा. ज्या पाण्याबद्दल तुला प्रश्न पडतो ते घेऊन ये." दुसऱ्या दिवशी मुलाखत. मुलाखत म्हणजे मॅडम बाटली हुंगणार आणि मूल घाम पुसणार.

कोथरूडकडचा एक मुलगा, चांगला इस्त्रीचा शर्ट वगैरे, बाटलीत गढूळ पाणी घेऊन आला. म्हणाला, नाल्याचं. मॅडमनी हुंगलं.

"पाणी विकतचं. माती कुंडीतली. मोगरा आहे कुंडीत. नाल्यापर्यंत जायला आळस आला की लाज वाटली?"

मुलगा पांढराफटक. "ॲक्च्युअली मॅडम... लाज."

"मग ये सोमवारपासून. आळशी असतास तर घालवला असता. लाज आम्ही इथे धुऊन काढतो. बागवान, याला बूट द्या."

इतक्या मोठ्या मनाच्या या बाईंचा एक नियम मात्र दगडासारखा होता. जंतू वाढवतात ती चपटी डबी तुम्ही पाहिली असेल. तिला आम्ही प्लेट म्हणतो. खालच्या बुडात जेलीसारखं खाद्य ओततात, त्यावर नमुन्याचे थेंब पसरतात, वर झाकण. नाव घालायचं ते बुडावर. कारण जंतू बुडात असतात. झाकण काय, कुठल्याही बुडावर बसतं. आणि उबवायला ठेवताना प्लेट पालथी ठेवायची, म्हणजे झाकणावरची वाफ खाली टपकून जंतूंची अंघोळ होत नाही. पहिल्या दिवशी मॅडम हे सांगत आणि शेवटी म्हणत, "ज्याने झाकणावर नाव घातलं, त्याने घरी जायचं. भांडायचं नाही, रडायचं नाही." दोघांना घालवलेलं मी पाहिलंय. त्यातला एक विद्यापीठात पहिला आलेला होता. जाताना तो जिन्यावर बसून रडला आणि त्याच्यासाठी आणलेला चहा मीच प्यायलो, कारण मलाही रडू येत होतं.

यंदा आली अश्विनी. लोणी काळभोरची. रोज सोलापूर रस्त्याने बस बदलत बदलत यायची. तिची बाटली मॅडमनी नाकाशी धरली, डोळे मिटले.

"लोणी. ओढा मिळतो त्याच्या खालचं. घाटाच्या तिसऱ्या पायरीवरून वाकून भरलंस."

"चौथ्या, मॅडम."

"मग एक बुडाली असेल. प्रश्न काय?"

अश्विनीने ओढणीचं टोक मुठीत धरलं. घरी पाठ करून आलेलं शुद्ध मराठी तिच्या तोंडातून पळून गेलं. "माझा चुलता म्हणतो, पूर्वी ह्या पाण्यात म्हशी डुंबायच्या. आता हाकलल्या तरी उतरत न्हाईत. धरणातनं निघतं तवा पाणी चांगलं असतं म्हणतात. मग वाटंत कुठं काय होतं, ते मला बगायचं हाय. जे म्हशीला कळतं ते आपल्याला कसं कळंना?"

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बागवान, निबंध छापून आला तर म्हशींचं नाव सहलेखक म्हणून घालावं लागेल." इतकं मोठं कौतुक मी त्या लॅबमध्ये कधी ऐकलं नव्हतं.

पोरीने झपाटून काम केलं. खडकवासल्यापासून लोणीपर्यंत नदीवरची आठ ठिकाणं, प्रत्येकाच्या पाच प्लेटा. चाळीस. तिच्या घरी ठरलेलं होतं: वर्षाचा प्रकल्प मिळाला तर पुढे शिकायचं, नाही तर गावातल्या दवाखान्यात नावनोंदणीची नोकरी होती, एक तारखेपासून. ती नोकरी वाईट नव्हती. पण अश्विनी तिच्याबद्दल बोलताना असं बोलायची, की जणू तिला कुणी झाकण लावून पालथी ठेवणार आहे. बुधवारी प्रकल्प देणारी समिती बसणार होती. तिथे चाळीस प्लेटा मांडून दाखवायच्या होत्या.

आणि आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी मी प्लेटा उबवायला ठेवतात ते कपाट आवरायला घेतलं.

पाल होती. मी सांगतो तुम्हाला, घोरपडीएवढी होती. ती ट्रेवरून माझ्या मनगटावर आली, मनगटावरून बाहीत शिरायच्या बेतात होती, आणि माझ्या हातून ट्रे सुटला. प्लेटा प्लास्टिकच्या, फुटल्या नाहीत. पण बुडं एकीकडे आणि झाकणं दुसरीकडे, अशी फरशीभर रांगोळी झाली. मी घाबरलो नाही. म्हटलं, नावं बघू आणि लावू. एक बूड उचललं. कोरं. दुसरं उचललं. कोरं. चाळीसच्या चाळीस बुडं कोरी, आणि चाळीस झाकणांवर सुंदर अक्षरात गावांची नावं.

मग मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. हाताला येईल ते झाकण हाताला येईल त्या बुडावर बसवलं, ट्रे कपाटात ढकलला आणि कँटीनमध्ये जाऊन आकडा न विचारता चहा प्यायलो.

शुक्रवारी अश्विनीने मोजायला घेतलं. खडकवासल्याच्या पाण्यात जंतूंची जत्रा भरलेली, आणि शहराच्या ऐन मध्यावरचं पाणी गंगाजळासारखं निवळ.

"भारी!" कुंडीवाल्याच्या जागी यंदा आलेला, तसाच इस्त्रीवाला एक जण म्हणाला. "म्हणजे उद्यापासून पुण्याला नाल्याचं पाणी पाजायचं आणि धरण पुरून टाकायचं."

अश्विनी हसली नाही. तिने एक झाकण उचललं, बूड बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. ती सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मॅडम, माझ्या प्लेटांची झाकणं बदललीत. कशी ते ठावं न्हाई. पण मी नाव झाकणावर घातलं होतं. बुडावर घातलं की मोजताना अक्षरं मधे येतात म्हणून. तुम्ही सांगितलं होतं, तरी."

मॅडम म्हणाल्या, "उद्या सामान घेऊन जा."

माझी काय अवस्था झाली ते विचारू नका. खरं सांगावं तर नोकरीची भीती, न सांगावं तर छातीत ऑटोक्लेव्हची शिट्टी. तेवढ्यात मला मार्ग सुचला. आपल्याकडे ते नाक आहे की! मी उरलेल्या सातही मुलांना गोळा केलं, चाळीस प्लेटा टेबलावर ओळीने मांडल्या आणि मॅडमना बोलावून आणलं.

"मॅडम, एकदा हुंगा फक्त. कुठली कुठल्या पुलाची ते तुम्ही पाच मिनिटांत सांगाल."

"हो मॅडम, प्लीज," मुलं म्हणाली. अश्विनी कोपऱ्यात पिशवी भरत होती, तिचेही हात थांबले.

मॅडमनी त्या ओळीकडे नुसतं बघितलं. "माझं नाक म्हणजे पुरावा नव्हे," म्हणाल्या आणि केबिनमध्ये गेल्या.

मी मागोमाग. होतं नव्हतं तेवढं वक्तृत्व मी तिथे ओतलं. म्हटलं, मॅडम, ज्या नाकाने जिलेबीचा पाक ओळखला, ज्या नाकाने कुंडीतला मोगरा पकडला, ज्या नाकापुढे मंडईतल्या बागवानाने हार मानली...

"दार लावा, बागवान."

मी दार लावलं.

"मला वास येत नाही. चार वर्षं झाली."

मी हसलो. मग त्या हसत नाहीत हे बघून थांबलो.

"कशाचाच?"

"कशाचाच. त्या साथीत ताप आला, चार दिवसांनी उतरला. ताप गेला आणि वासही गेला. परत आला नाही."

"पण लोणीचं पाणी? पायरीसकट?"

"बाटलीच्या तळाशी काळी माती होती. उसाच्या पाचटाचं एक तूस होतं. पोरीच्या उजव्या गुडघ्यावर शेवाळाचा डाग होता, आणि त्या घाटावर मी तिच्या जन्माच्या आधीपासून वाकतेय. पायरी चुकली. नाक असतं तर चुकली नसती."

"आणि कुंडीवाला?"

"तेव्हा होतं नाक."

मी खुर्चीत बसलो. आमच्या लॅबमध्ये मॅडमसमोर न विचारता बसलेला मी पहिला माणूस. चार वर्षं! चार वर्षांत किती मुलं आली, किती बाटल्या आल्या, आणि ही बाई डोळे मिटायच्या आधी एका नजरेत गाळ, फेस, रंग, पोरांचे बूट, नखं, ओढण्या वाचून घेत होती, आणि मग डोळे मिटून हुंगल्यासारखं करत होती. नाकाचं मला नवल वाटत होतंच. आता वाटलं, नाकात काय आहे? नाक कुत्र्यालाही असतं.

"कुणाला सांगितलं का नाहीत, मॅडम?"

"घरी सांगायला कुणी नाही. इथे सांगितलं असतं, तर तुम्ही सगळे एकच म्हणाला असतात. 'बरंच झालं की मॅडम, तुमच्या कामात.'"

मी तोंड मिटलं, कारण अगदी तेच माझ्या ओठांवर आलं होतं.

"आता तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या.

"मी? काय?"

"कपाटात सगळ्यांच्या प्लेटा पालथ्या आहेत. तिच्या चाळीस आज सकाळी उताण्या होत्या. तिने ठेवल्या तेव्हा पालथ्या होत्या, मी पाहिलं होतं."

म्हणून मी पालीचं सांगितलं.

"केवढी होती?"

"घोरपडी..."

"बागवान."

"करंगळीएवढी."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पोरीने नियम मोडला. प्लेटा तुम्ही सांडल्यात आणि लपवलंत. तिने पहिल्या मिनिटाला येऊन सांगितलं, तुम्हाला दीड दिवस लागला आणि तोही मी विचारल्यावर. यातलं घरी कुणी जायला हवं?"

मी उभा राहिलो.

"बसा. रविवारी पहाटे नमुने परत घ्यायचे. रविवारी लावले तर मंगळवारी मोजता येतील, बुधवारी समिती आहे. सगळं तिने स्वतःच्या हाताने करायचं. बाटल्यांची पेटी तुम्ही उचलायची. आणि आधी बाहेर जाऊन तिला सांगा, मुलांसमोर."

मी सांगितलं. तेवढे आठ डोळे, म्हणजे सोळा, माझ्याकडे लागलेले मला अजून आठवतात. अश्विनीने हातातली पिशवी खाली टाकली. "म्हंजे तुमी पाडल्या? आन मी कालपासनं आमच्या घरच्या दिशेनं तोंड करून रडतीय?" कालपासून नव्हे, तासाभरापासून, पण अतिशयोक्तीच्या बाबतीत मी कुणाला टोकत नाही. मग ती म्हणाली, "पेटीत बर्फ बी घालायचा असतो, सर. लई जड हुतीय ती." आणि डोळे पुसत पुसत हसली.

निकाल आधीच सांगून टाकतो, मला दम निघत नाही. बुधवारी चाळीस प्लेटा मांडल्या गेल्या. बुडावर नावं, मोजायला अडचण होणार नाही अशी अगदी काठाला. धरणाकडून लोणीकडे नुसत्या डोळ्यांनी बघत गेलं तरी कळत होतं, नदीला कुठे काय झालं. वर्षाचा प्रकल्प अश्विनीला मिळाला. मी ते दारातून पाहिलं, कारण प्लेटांपासून दहा फूट लांब राहायचा मला हुकूम होता. पण मला सांगायचंय ते रविवारचं.

खडकवासल्याला पोचलो तेव्हा उजाडत होतं. प्रत्येक ठिकाणी एक तक्ता भरायचा असतो: वेळ, तापमान, रंग, वास. मॅडम एक रकाना कधीच भरत नाहीत. "वास ज्याचा त्याने लिहायचा, आणि मोठ्याने वाचायचा." इतकी वर्षं मी ती शिस्त समजत होतो. पेटी खांद्यावर घेऊन उभा असताना माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पेटी आणखी जड झाली.

अश्विनी घाईत होती. पुलागणिक तिचे शेरे वाढत गेले. 'ठीक.' 'घाण.' 'जास्त घाण.' मांजरी गावाच्या पुढे 'लई घाण.' संध्याकाळी आम्ही लोणीच्या घाटावर उतरलो. तिने शेवटची बाटली भरली, बूच लावलं, आणि वाचलं, "वास, लई लई घाण."

"हा वास नाही. हे तुझं मत आहे," मॅडम म्हणाल्या. त्या पायरीवर बसल्या होत्या, पाण्याकडे तोंड करून. "नीट सांग."

अश्विनी पुन्हा वाकली. "सडक्या अंड्यागत. मंग साबणाचा, गोडसर. भिजलेल्या गोणपाटाचा."

"आणखी?"

"कुठंतरी पाचट जाळल्याचा."

"तो हवेतला. पाण्यातला सांग."

अश्विनी गुडघ्यावर बसली. एवढी खाली वाकली, की वेणीचं टोक पाण्याला टेकलं. बराच वेळ गेला. "सगळ्याच्या खाली एक हाय. लई बारीक. मातीचा."

मॅडम वळल्या. "माती? आहे अजून?"

"हाय, मॅडम."

"नक्की?"

त्या आवाजात काहीतरी होतं. अश्विनीने मान वर करून मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नदीच्या पलीकडच्या काठावरची झाडं मोजायला लागलो. पोर हुशार. तिने एक अक्षर विचारलं नाही. तक्ता मांडीखाली ठेवला, ओले हात ओढणीला पुसले आणि मॅडमच्या शेजारी, जरा खालच्या पायरीवर बसली.

"मॅडम," ती म्हणाली, "सकाळी खडकवासल्याला मी नुसतं ठीक लिवलं. पण तसं नव्हतं. तिथं ना, कवळी काकडी चिरल्यावर कसा गार वास येतो, तसा येत हुता. आन दगडाचा. रातभर भिजलेल्या दगडाचा."

मॅडमनी डोळे मिटले. "पुढच्या पुलाला?" त्या म्हणाल्या.